पेजेची कमान

खारतळच्या ख्रिस्ती देवळात शिरलं की वेदीच्या आधी ती मोठी कमान लागते. एका माडावर दुसरा उभा केला तरी तिच्या माथ्याला टेकायचा नाही. फार वर्षांपूर्वी ही कमान एका बाईने धरून ठेवली, असं म्हणतात.

बाईचं नाव कुस्तान. देऊळ बांधलं जात होतं तेव्हा शिंपल्या भाजून चुना करायचे, आणि तो बैलांच्या घाणीत मळायचं काम तिचं. नवरा जुजे घाणीचे बैल हाकायचा. चुन्यात गुळाचं पाणी पडलं की तो दगड घट्ट धरतो. पण ती सालं दुष्काळाची. गावात पोरं मरत होती, आणि देवळाच्या कोठीत गुळाच्या ढेपी होत्या. उपाशी पोरं घाणीभोवती बसून राहायची, मागायचीसुद्धा नाहीत. कुस्तानने मरियामातेला हात जोडले, गुळाचं पाणी पोरांना पाजलं आणि चुन्यात नुसतं विहिरीचं पाणी ओतलं. रोज.

गवंड्यांची एक रीत होती. कमानीखालचा लाकडी आधार काढताना चुना मळणाऱ्याने तिच्याखाली उभं राहायचं. तो दिवस आला, तसा जुजे बायकोच्या आडवा आला.

"बस तू. बैल मी हाकलेत."

"चुन्यात गूळ नाही हो."

"रोज लग्नघरासारखी पंगत बसवायचीस, मी काय आंधळा होतो?"

"मग पाद्रीबाबांना सांगून टाकू."

"सांग. कोठीला कुलूप पडेल. उद्या पोरांना काय देशील?"

तो हसत हसत कमानीखाली गेला. आधार निघाला आणि कमान त्याच्यावर आली.

त्याला पुरून आल्यावर कुस्तानने सगळं कबूल केलं. पाद्रीबाबा नुसते रडले. थोरला गवंडी बस्त्याव म्हणाला, "पुन्हा बांधू. पण चुना मळणार कोण?"

"मीच," ती म्हणाली. कमान उभी राहीपर्यंत तोंडात गोड घालणार नाही, असा नवस ती बोलली.

पुढच्या साली पाऊस झाला, भात पिकलं. कोठीतला गूळ मात्र संपला होता, आणि दुसरा कुठेच मिळत नव्हता. तेव्हा ज्यांची पोरं वाचली होती त्या आया आल्या. चुलीवरून उतरलेल्या पेजेची पहिली वाटी प्रत्येकीने घाणीत ओतली. चुना लोण्यासारखा मळला गेला, असं म्हणतात.

आधार काढायच्या दिवशी कुस्तान दोन्ही हात वर करून खाली उभी राहिली. लाकडं निघाली, कमान करकरली, चुन्याची धूळ पडली. त्या धुळीत तिच्या हातांशेजारी आणखी दोन हात लोकांनी पाहिले, बैलांच्या कासऱ्याने घट्टे पडलेले. कमान जागच्या जागी बसली, तरी कुस्तान तशीच उभी होती. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी तिचे हात खाली घ्यायला बायका गेल्या, तेव्हा ती उभ्या उभ्याच गेलेली होती.

अजूनही सणाच्या सकाळी आया कमानीच्या पायाला पेजेचं बोट लावतात आणि पोरांना गूळ वाटतात. शेवटच्या पोराचं तोंड गोड झाल्याशिवाय मिस्साच्या प्रार्थनेची घंटा वाजत नाही. आणि देवळाच्या कोठीला तेव्हापासून कुलूप नाही.