आधी मुक्यांचं पाणी

एका राज्यात, कुसळी गवताच्या उजाड माळावर एकच ओढा वाहत होता. करंज, निरगुडी, वाळा, लव्हाळा, जी काय हिरवाई होती ती त्याच्याच काठी. धनगरांची रीत अशी, की आधी मुक्या जिवांनी प्यावं, मग माणसांनी. राजा भूपसेनाला ती खुपली. "लांडग्याचं उष्टं राजानं प्यावं?" म्हणाला. राजाच तो, त्याला कोण सांगणार! धुरपदा धनगरणीचा नवरा म्हाळू, त्याच्याकडून त्यानं काठाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालून घेतलं. पहिली ओंजळ राजानं घेतली, दुसरी म्हाळूनं. भर उन्हात दोघांच्या सावल्या पायांपासून सुटल्या नि पाण्यात उतरल्या.

तेव्हापासून काठावर पाखरू गाईना. पाणी वाहे, पण आवाज नाही. तिसऱ्या दिवशी म्हाळूच्या नखांखालून गवत फुटलं आणि पिवळं पडू लागलं. धुरपदा ओढ्याकडे धावली.

कुंपणापाशी टिटवी बसली होती. म्हणाली, "सूर्य बुडाला, की दोघांचं गवत होईल."

"उपाय सांग, बाई."

"कुंपण तुझ्या घरच्या हातांनी उठलं, तुझ्या घरच्याच हातांनी मोडू दे. मग माळढोक, खोकड आणि लांडगा यांना पाण्यावर बोलाव. माणसांनी सर्वांच्या शेवटी प्यावं."

धुरपदानं काटे उपसले. हात रक्ताळले. माळढोक बोलावताच आला. खोकडानं बिळातून विचारलं, "तुझे कुत्रे?" तिनं कुत्रे बांधले. टेकाडावरचा लांडगा म्हणाला, "वाटेत तुझी मेंढरं आहेत."

धुरपदानं मेंढरांकडे पाहिलं. तेवढीच तर तिची दौलत. "असू देत," ती म्हणाली. "तू पाणी पिऊन घे."

लांडगा मेंढरांमधून चालत गेला. एकही मेंढरू हललं नाही, ओरडलं नाही.

तिघं प्याली. मागून ससे आले, मुंगूस आलं, धामण आली. राजाला पालखीतून आणलं होतं. त्याच्या दाढीत कुसळं उगवली होती.

"आमची पाळी?" त्यानं विचारलं.

"मुंग्यांच्या मागं, महाराज," टिटवी म्हणाली.

राजा थांबला. जन्मात पहिल्यांदा थांबला. शेवटची मुंगी वळली, सूर्य माळाला टेकला, तेव्हा राजा प्याला, त्याच्यामागं म्हाळू. ओल्या सावल्या पाण्यातून निघाल्या नि मुकाट पायांना चिकटल्या. ओढा खळखळू लागला. धुरपदा म्हाळूला धरून ढसाढसा रडली.

कुंपण जाळलं, रीत परत आली, राज्य सुखानं नांदलं. पण अजूनही तिथं कुणी तहानेच्या घाईत मुक्यांआधी पाण्यावर वाकलं, तर त्याची सावली वाकत नाही. ती एक पाऊल मागं उभी राहते आणि माळाकडे बघत बसते.