सरळ केलेली गाडी

"मग गाडी उजवीकडे का जाते, ते सांगा!"

शलाकाने हातातला पाना फरशीवर आपटला.

दस्तगीर उस्तादने मान वर केली नाही. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली, तो चाकाशी उकिडवा बसून दोरा न्याहाळत होता. गाडीच्या दोन्ही बाजूंना असा दोरा ताणायचा, पट्टीने अंतर मोजायचं आणि चाकं सरळ करायची, हे तिला त्यानेच शिकवलं होतं.

गाडी तिच्या वडिलांची. नानांची जुनी फियाट. पुढचं सगळं सस्पेन्शन तिने घरच्या अंगणात उतरवलं होतं आणि नव्याने बांधलं होतं. गल्लीतले म्हातारे खुर्च्या टाकून बघायला बसायचे.

"इंजिनिअर झालीस म्हणजे फिटर झालीस काय गं?"

"गाडी झाली की बघा," ती गाडीखालून ओरडायची. "स्टेअरिंग दोन बोटांत धरा, सरळ जाईल!"

सरळ गेलीही. तिच्या हातात.

नानांच्या हातात ती आवाराच्या उजवीकडच्या भिंतीवर गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

नाना आता गाडीत बसून होते. समोरच्या गिरणीच्या धुराड्याकडे बघत होते. माणसं त्यांच्या डोक्यातून निघून चालली होती. सकाळी त्यांनी शलाकालाच विचारलं होतं, "आपण कुणाकडच्या?" रस्त्यावरचं त्यांचं गाडी चालवणं कधीच थांबवलं होतं. उरली होती ती गिरणीच्या आवारातली संध्याकाळची एक फेरी. किल्ली, चोक, क्लच, काही चुकायचं नाही. तेवढा वेळ त्यांचा चेहरा त्यांचा असायचा.

आणखी एकदा धडक बसली तर किल्ली काढून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात काढून घेणारी ती एकटीच होती.

"दोरा काय म्हणतो?" तिने विचारलं.

"सरळ म्हणतो. मी लावलं असतं त्याहून सरळ."

"मला शाबासकी नकोय."

"देतोय कोण?"

…

"सस्पेन्शनचा जुना आर्म कुठाय?" उस्तादने विचारलं.

"भंगारात. वाकलेला होता."

"तेव्हा स्टेअरिंग कसं असायचं?"

"तिरकं. उजवीकडे कललेलं. तसं धरलं तरच गाडी सरळ जायची. तेच तर काढून टाकलं मी!"

उस्ताद उठला. भंगाराच्या ढिगातून त्याने एक सुटं स्टेअरिंग ओढून काढलं, कुठल्या तरी टेम्पोचं. मग नानांना हाताला धरून गाडीतून उतरवलं, स्टुलावर बसवलं आणि ते त्यांच्या हातात दिलं.

"नाना, दारापासून धुराड्यापर्यंत. एकदम सरळ. चला."

नानांचा चेहरा सैल झाला. डावा पाय पुढे गेला आणि तिथे नसलेला क्लच दाबून हळूच सुटला. हातांनी स्टेअरिंग धरलं. क्षणभर ते सरळ होतं.

मग हात सावकाश उजवीकडे वळले. थोडेसेच. आणि तिथे स्थिर झाले.

खाली चाकं नव्हती. दोरा लावावा असं काहीच नव्हतं.

शलाकाने पुढे होऊन त्यांची मनगटं धरली, सरळ केली.

"असं धरायचं, नाना. आता असं."

नानांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. तिने हात सोडले.

…

हात परत गेले.

"शिकवीन मी," ती म्हणाली. "रोज शिकवीन."

"सकाळी तुझं नाव सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं."

"आता विचार."

तिने विचारलं नाही.

उस्ताद बिडी शोधत खिसे चाचपू लागला. "पुढं दोन्ही बाजूंना स्टेअरिंगच्या दांड्या हाईत. एक आखूड कर, दुसरी तितकीच लांब. चाकं आहेत तशी सरळ राहतील. नुसतं स्टेअरिंग तिरकं होईल. त्यांच्या हातासारखं."

"तिरकं?"

"व्हय."

"कुणीही बसलं की आधी स्टेअरिंग बघतं, उस्ताद! गल्ली टपूनच बसलीय. म्हणतील, पोरीला जमलं नाही."

"म्हणतील."

"विचारतील, शिकवलं कुणी हिला?"

उस्तादचा हात खिशातच थांबला. चाकं सरळ करून घ्यायला लांबलांबून माणसं त्याच्याकडे यायची. आपल्यासारखा दोरा जिल्ह्यात कुणी लावत नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

"… विचारतील," तो म्हणाला.

"तीस वर्षं नानांनी वाकडी गाडी तशीच दामटली. एकदा दाखवून आणावी, एवढंही सुचलं नाही. आणि आता वाकायचं मी? का? मी का?"

उस्तादला बिडी सापडली; त्याने ती पेटवली. तिला हा गप्पपणा कधीच सोसला नव्हता. विचारलं की गप्प, भांडलं की गप्प, आणि मग त्यालाच शहाणपण म्हणायचं.

"बोला ना काहीतरी!"

स्टुलावरून नाना म्हणाले, "ताई, धुराडं आलं काय गं?"

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. जाऊन किती तरी वर्षं झाली होती.

शलाका उभी राहिली. नानांच्या अंगठ्याखाली स्टेअरिंग जरासुद्धा हलत नव्हतं.

…

"नाही अजून," ती म्हणाली. "लांब आहे. चालू द्या."

तिने फरशीवरचा पाना उचलला. गोणपाट अंथरलं आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेली. नट तिनेच आवळला होता. तो सहज सुटेना. मग सुटला.

तिने दांडीवर हात ठेवला.

"किती फिरवू?" खालून तिचा आवाज आला.

उस्ताद दोरा गुंडाळत होता.

"जिवावर येईल तिथून पुढं अर्धा आटा."