इनास सगळ्यांशी समेट करतो

एका गावात एक भोळा इनास होता. सांगाल तेच करायचा, आणि तेवढंच करायचा.

थोरला भाऊ बस्त्याव शेजारीच राहायचा. एकदा तो म्हणाला, "मी बाजारात जातोय. बकरी मोगऱ्यात शिरेल, तिच्यावर लक्ष ठेव." इनासने लक्ष ठेवलं. बकरीने अख्खा मोगरा खाल्ला. शेवटचं पान खाईस्तोवर इनासने नजर हलवली नाही.

तेव्हापासून दादाने बोलणं टाकलं.

इकडे इनासची बायको फिलू काळजीने वाळत चाललेली. बाळाचा बाप्तिस्मा उपवासकाळ लागायच्या आत व्हायला हवा होता. आणि बाळाला हातावर घ्यायला धर्मपिता म्हणून दादाच हवा होता. दादा नाही आला तर गावात काय तोंड दाखवायचं?

रविवारी फादरनी उपदेशात सांगितलं, "राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागतो. त्याआधी, ज्याच्याशी वैर असेल त्याच्याशी समेट करा. एकालाही वगळू नका."

"ऐकलंत ना?" फिलू म्हणाली. "जा, दादांचे पाय धरा."

इनास गेला. दादा माडावर चढत होता. इनासने पाय धरले. दादा खाली आला, थेट शेणखताच्या ढिगात.

फिलूने कपाळावर हात मारला. "अहो, माणूस नीट बसलेला बघावा! मग जवळ जाऊन प्रेमाने मिठी मारावी."

दुसऱ्या दिवशी दादा बसलेला सापडला. न्हाव्यासमोर. इनासने प्रेमाने मिठी मारली. दादाची अर्धी मिशी गेली.

"आता कसले येतात दादा!" फिलू रडकुंडीला आली. "अहो, ते एकटे असतील तेव्हा बोला. लांबूनच बोला. आणि हो म्हणेपर्यंत हलू नका."

दादा एकटा सापडला. परसातल्या संडासात. इनास बाहेरून दाराला पाठ लावून बसला.

"दादा, चुकलो."

"कोण, इनास? दार सोड!"

"आधी हो म्हण."

"अरे, इथे जीव गुदमरतोय, गाढवा!"

"असू दे. मला घाई नाही."

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "केलं माफ! मोगरा माफ, मिशी माफ, सगळं माफ! आता हो बाजूला!"

फिलूचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या रविवारी दादा खरंच चर्चमध्ये आला, अर्ध्या मिशीवर रुमाल धरून. बाळ त्याच्या हातावर गाढ झोपलं. फादरनी तिघांना विचारलं, "तुम्ही सैतानाचा त्याग करता का?"

"करते," फिलू म्हणाली.

"करतो," दादा म्हणाला.

इनासची पाळी आली.

फिलूने कोपर मारलं. "अहो, बोला की!"

"नाही बाबा," इनास म्हणाला. "फादर, तुम्हीच सांगितलंत ना, एकालाही वगळू नका? दादाचं मिटलं. मग हा सैतान एकटाच राहिला होता. काल त्याच्याशीपण समेट करून टाकला."

फादरच्या हातातलं पाणी सांडलं.

"दुपारी जेवायलाही बोलावलंय," इनास म्हणाला.