थोडासा थांब, ओढ्या

टेकडीखाली एक ओढा. ओढ्याच्या काठाला एक बीळ. बिळात कोण? चिमी खेकडी.

आणि चिमीच्या पोटाखाली कोण? तिची पिल्लं. एवढीएवढीशी. आईला घट्ट चिकटून बसलेली.

एका दुपारी ढग गडगडले. वळवाची सर आली. ओढा धो धो धावत आला आणि चिमीचं बीळ घेऊन गेला. पाऊस थांबल्यावर चिमी बघते, तर घर नाही. नुसता चिखल.

पोटाखालून आवाज आला, "आई, घर कुठंय?"

"होईल हं, होईल," चिमी म्हणाली. पण तिला फार काळजी वाटली. मोठा पाऊस जवळ आला होता. नवं बीळ केलं, तर ओढा तेही नेणार. मग पिल्लं कुठं राहणार?

चिमी निघाली. खेकडी सरळ चालते का? छे. ती चालते तिरकी तिरकी, तुरुतुरु.

चिमी गेली ओढ्याकडे.

"ओढ्या, ओढ्या, थांब ना.
घर गेलं वाहून."

ओढा म्हणाला, "मी नाही थांबत. उतार दिसला की मी धावतो. दगड आडवा आला, तर थांबेन."

तिरकी तिरकी, तुरुतुरु. चिमी गेली टेकडीवर, काळ्या दगडाकडे.

"दगडा, दगडा, हल ना.
ओढा थांबेना,
घर गेलं वाहून."

दगड म्हणाला, "मी नाही हलत. मला का पाय आहेत? हिरामणमामा आला, तर हलेन."

तिरकी तिरकी, तुरुतुरु. हिरामणमामाची एक छोटी गाडी होती, एका बैलाची. आणि ओढ्याकाठी वांग्याचा मळा होता. चिमी गेली मळ्यात.

"मामा, मामा, ये ना.
दगड हलेना,
ओढा थांबेना,
घर गेलं वाहून."

मामा म्हणाला, "माझी पण रोपं नेली गं त्यानं. आता बाजारात काय नेऊ, माझं डोकं? येतो की मी. पण गाडी कोण ओढणार? आमचा चांद्या बैल उठला, तर येईन."

तिरकी तिरकी, तुरुतुरु. चांद्या बसला होता गोठ्यात. शेपटीनं माश्या हाकत होता. सुप् सुप्.

"बैला, बैला, ऊठ ना.
मामा येईना,
दगड हलेना,
ओढा थांबेना,
घर गेलं वाहून."

चांद्या म्हणाला, "मी नाही उठत. पोट रिकामं आहे. हिरवं गवत वाढलं, तर उठेन."

तिरकी तिरकी, तुरुतुरु. चिमी गेली गवताकडे. गवत कसलं, पिवळ्या काड्याच त्या.

"गवता, गवता, वाढ ना.
बैल उठेना,
मामा येईना,
दगड हलेना,
ओढा थांबेना,
घर गेलं वाहून."

गवत म्हणालं, "मी नाही वाढत. पाणी आलं आणि पळालं. मला काही मिळालंच नाही. ओढा थांबला, तर वाढेन."

ओढा? घ्या. चिमी पुन्हा तिथंच.

आता ओढा बारीक झाला होता. झुळुझुळु वाहत होता. पण थांबला होता का? नाही. आणि थांबणार तरी कसा? दगड आला नव्हता ना.

चिमी काठावर बसली. दमली बिचारी.

पोटाखालून आवाज आला, "आई, घर कुठंय?"

चिमीनं खाली पाहिलं. पायाखाली चिखल होता. तिनं नांगीत थोडा चिखल घेतला. गोल गोल फिरवला. झाली गोळी. ती ओढ्यात ठेवली. टप्. आणखी एक गोळी. टप्. आणखी एक. टप्.

ओढा हसला. खळखळ, खळखळ. "अगं, एवढ्याशा गोळ्यांनी मी थांबतोय होय?"

"सगळा नको थांबूस," चिमी म्हणाली. "थोडासा थांब."

"थोडासा?"

"थोडासा."

आता याला नाही कसं म्हणायचं? ओढा थोडासा थांबला. गोळ्यांमागे एक छोटं डबकं झालं. डबक्यातलं पाणी मातीत मुरलं. मुरत मुरत गवताच्या मुळांशी गेलं.

मग काय झालं?

गवत वाढलं. हिरवंगार झालं.
बैल उठला. गवत खाल्लं. कर्रम् कर्रम्.
मामा आला. गाडी जुंपली. घुंगरं वाजली. छुन् छुन्.
दगड हलला. गाडीत बसला. खडाड् खट्.

मामी पण आली फावडं घेऊन. वाडीतली माणसं आली. सगळ्यांनी मिळून ओढ्यात काळा दगड आडवा ठेवला, त्याच्याशेजारी आणखी दगड रचले. ठक् ठक्. फटीत माती भरली. धप् धप्. जास्तीचं पाणी जायला एका कडेला वाट ठेवली. झाला बंधारा.

चिमी लगेच बंधाऱ्याच्या मातीत शिरायला निघाली.

"थांब, थांब," मामी म्हणाली. "बंधाऱ्यात बीळ नको गं बाई. पाणी गळेल. तुझं घर इकडं." मामीनं काठावर उंच जागी एक चपटा दगड ठेवला. खाली चिमीपुरती फट सोडली. "पहिलं पाणी तू अडवलंस. म्हणून पहिलं घर तुझं."

आणि मोठा पाऊस आला.

ओढा धो धो धावत आला. समोर बंधारा. ओढा थांबला. मागे तळं भरलं, निळं निळं. जास्तीचं पाणी कडेच्या वाटेनं हळूहळू गेलं. मामाची नवी रोपं जागच्या जागी राहिली. पुढं त्यांना जांभळी जांभळी वांगी लागली.

आणि चपट्या दगडाखाली?

पोटाखालून आवाज आला, "आई, घर कुठंय?"

"हे काय," चिमी म्हणाली. "आपण घरातच आहोत."

मग एक पिल्लू पोटाखालून बाहेर आलं. मग दुसरं आलं. मग सगळी आली. नव्या घरात चालायला लागली. कशी?

तिरकी तिरकी, तुरुतुरु.

पाणी अडलं बांधाशी,
गोष्ट निजली उशाशी.