मंत्र्यांचं रिकामं पान

चुनखेडी गावच्या सिमेंट कारखान्याचं धुराडं दिवसरात्र धूर ओकत होतं, तरी पर्यावरणमंत्री रणधीरराव गावात सत्कार घ्यायला आलेच. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "आपल्या राज्याच्या कार्बन बाजारात कारखान्यानं लांबच्या जंगलाचं श्रेय, म्हणजे कार्बन क्रेडिट, विकत घेतलंय. तिकडची झाडं इथला धूर शोषतात. तुमचं गाव आता धूरमुक्त!"

सरपंच पारूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्या गोड हसल्या आणि पंगत बसवली.

वाढपी मंत्र्यांच्या पानाला वळसा घालून जात. टोकाला बसलेल्या त्यांच्या ड्रायव्हरला मात्र पुरणपोळीवर पुरणपोळी, वर तुपाची धार.

"बाई, माझं पान कोरडंच की!"

"असं कसं साहेब? तुमच्या वाटचं ड्रायव्हरभाऊ जेवले. झालं तुमचं पोट भरून!"

"त्याच्या जेवणानं माझं पोट कसं भरेल?" मंत्री कडाडले.

"मग तिकडच्या झाडांनी आमचा खोकला कसा थांबेल?"

मंत्र्यांनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि त्यांना जोराचा ठसका लागला. घशाखाली तर अजून शीतही उतरलं नव्हतं.