पेन्सिलीचे दोन तुकडे

दप्तरात एक पाटी आणि एक पेन्सिल एवढंच असायचं आणि त्या दोघी एकमेकींशी बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट.

बालवाडीतल्या गोदीची पेन्सिल नवीकोरी, लांबलचक. त्या लांबीचा तिला भारी तोरा. पण पाटीवर अशी किरकिरायची की सगळा वर्ग कानांत बोटं घालायचा. गोदीच्या इवल्या मुठीत ती नीट धरताही यायची नाही. एक दिवस ती सटकली आणि फरशीवर पडून तिचे दोन तुकडे झाले.

गोदीनं भोकाड पसरलं. "मला घरी जायचंय!"

"संपलं माझं," पेन्सिलही हुंदके देत म्हणाली.

पाटीचा एक कोपरा कधीच उडालेला होता. ती म्हणाली, "कोपरा उडाला तेव्हा मीपण असंच म्हणाले होते. त्यानंतर गोदीच्या ताईची अख्खी बाराखडी माझ्यावरच झाली."

बाईंनी नवी पेन्सिल दिली नाही. त्या शेजारी बसल्या, रडू ओसरू दिलं आणि म्हणाल्या, "आता यातला एक तुकडा धरून बघ बरं."

तुकडा मुठीत अलगद बसला. 'अ' वाकडाच आला, पण किरकिर थांबली.

पुढच्या वर्षी आईनं नवी लांब पेन्सिल आणली. शाळेत शेजारी एक नवा मुलगा रडत बसला होता, रिकाम्या हातानं. गोदीनं पेन्सिल दोन्ही हातांत धरली आणि कटकन मोडली.

"हं, धर."

नवी पेन्सिल किंचाळली. दप्तराच्या तळाशी जुना तुकडा उरला होता, नखाएवढा. तो म्हणाला, "रडून घे थोडं. मग लिहायला लाग."