रंगीत पिल्लांचं अंगण

हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी एक इवलंसं खोपट होतं. सगुणा आपल्या आत्याबरोबर तिथे राहायची. तिच्या झग्याला ठिगळं होती आणि ताटात बहुतेक वेळा नुसती पेज. पण आईने मागे ठेवलेल्या कोंबड्या मात्र तिच्या स्वतःच्या होत्या. त्यांतली लालचुटूक तुऱ्याची तांबडी तर तिची भारीच लाडकी.

दर वर्षी पिल्लं व्हायची आणि दर वर्षी जायची. कधी पावसात गारठून, कधी थंडीत रानमांजराच्या तोंडी, कधी उन्हाळ्यात घारीच्या पंजात.

"सगुणे, मलाही वाईट वाटतं गं," आत्या म्हणाली, "पण आपल्यालाच कणी पुरत नाही. यंदाची पिल्लं उन्हाळा संपेपर्यंत जगली तर ठीक. नाहीतर सगळ्या कोंबड्या बाजारात नेते."

सगुणाने आपल्या पेजेतली शितं वेचून तांबडीपुढे टाकली.

एका ओल्याचिंब सकाळी तिने कोंबड्यांवरची मोठी टोपली उचलली, तर तांबडीच्या पंखाखालून निळसर उजेड झिरपत होता. आत जांभळाएवढी एक परी कुडकुडत बसली होती! तिचे चमचमणारे पंख भिजून चिकटले होते. सगुणाने तिला चुलीच्या उबेला धरलं आणि हळूच फुंकर घातली. पंख सुकले, तसे झुळझुळले.

"मी पिसोळी," परी म्हणाली. "तुझ्या कोंबडीने मला ऊब दिली आणि तू माझा जीव वाचवलास. प्रत्येक ऋतूत एक इच्छा माग. पण दोन नियम आहेत हं! कुणाचं वाईट मागायचं नाही. आणि मी अर्धंच देईन, उरलेलं अर्धं तुझ्या हातांनी करायचं."

"मग आधी पिल्लांना कोरडं घर दे!"

पिसोळीने बोट फिरवलं. अंगणात सोनेरी पेंढा भुरभुरला. सगुणाने बांबू तोडून, वेलींनी बांधून उंच खुराडं उभं केलं आणि त्यात पेंढा अंथरला. त्या पावसाळ्यात एकही पिल्लू गारठलं नाही.

थंडीत पिसोळीने दवबिंदूंची चिमुकली घंटा दिली. रानमांजर जवळ आलं की घंटा किणकिणायची. मग थाळी बडवत धावायचं काम सगुणाचं! कंटाळून मांजर शेतातल्या उंदरांकडे वळलं.

उन्हाळा आला. तांबडीने पुन्हा पिल्लं काढली, पिवळीधम्मक, मऊमऊ. आणि वर घार घिरट्या घालू लागली.

'घारीचे पंख गळू देत,' असं सगुणाच्या अगदी ओठांवर आलं. तिने जीभ चावली. मग तिला आठवलं, आत्याच्या सासरी पिल्लांना रंग लावत. रंगीत पिल्लू घारीला ओळखूच येत नाही म्हणे!

"पिसोळी, मला रंग दे!"

शिंपल्यांत रंग चमकले. पळसाचा केशरी, गोकर्णाचा निळा, कण्हेरीचा गुलाबी! सगुणा हरखून गेली. तिने पिल्लं चोचीपासून नखापर्यंत रंगवली.

"अगं येडे!" आत्या ओरडली. "पाठीवर एक बोट लावायचं असतं! तू तर त्यांचं सोंगच केलंस!"

तांबडीने पिल्लांकडे पाहिलं, मान फुगवली आणि निळ्याला टोचून हाकललं. मग गुलाबीला. ही कुणाची पोरं, असंच तिला वाटलं! पिल्लं चिवचिवत उघड्या अंगणभर पांगली. वरून घारीची सावली सरकत खाली आली.

"पिसोळी!"

"माझं अर्धं देऊन झालं गं, सोनुली."

सगुणा धावली. पिल्लं गोळा करून ती त्यांच्यावर झगा पसरून ओणवी झाली. पंखांचा वारा मानेला लागला, तरी ती हलली नाही. घार रिकामीच वर गेली.

झग्याखालच्या अंधारात पिल्लं चिवचिवत होती. तेवढ्यात कुणीतरी कोपराला ढुशी दिली. तांबडी! आवाज ऐकून ती क्लक-क्लक करत झग्याखाली शिरत होती.

"आत्या, रंग दिसला नाही की तिला आपली पिल्लं कळतात! टोपली आण, घोंगडी आण!"

भर दुपारी टोपलीवर घोंगडी पडली. आत गडद अंधार. थोडा वेळ चिवचिव, मग कुरकुर, मग शांतता. सांजेला सगुणाने घोंगडी काढली, तेव्हा तांबडीच्या पंखांतून निळी, केशरी, गुलाबी डोकी डोकावत होती. तांबडी एकेकाला चोचीने कुरवाळत होती.

दुसऱ्या दिवशी घार आली, गोंधळली आणि निघून गेली.

"पिसोळी," सगुणा हळूच म्हणाली, "घारीची पिल्लं उपाशी राहिली असतील का गं?"

पिसोळीचे डोळे मोत्यांसारखे चमकले. "नाही गं. शेतात उंदीर पुष्कळ आहेत. पण हे विचारलंस ना, म्हणून हे बक्षीस. ही पिल्लं मोठी होतील, पिसं झडतील, नवी येतील. रंग मात्र कधीच जाणार नाही."

दारातून ऐकणाऱ्या आत्याने पदराने डोळे टिपले. "बाजारात कसल्या नेतेय मी! सगुणे, आता आणखी एक खुराडं बांधायला घे. मी बांबू धरते."

पिसोळी खुदकन हसली. तिच्यातून सोनेरी उजेड उसळला, अंगणभर पसरला, आणि त्या उजेडात ती विरघळून गेली. पाहता पाहता पिल्लं मोठी झाली, आणि एका सकाळी त्याच झळाळत्या अंगणात निळा कोंबडा कुंपणावर चढला, त्याने मान ताठ केली आणि आयुष्यातली पहिली बांग दिली.